भिंतीवरच्या भाकऱ्या

तुम्हा दोघांना सोलापूरचं घर मोबाइलच्या आयताएवढंच माहीत आहे. दर रविवारी संध्याकाळी मी मोबाइल साखरेच्या डब्याला टेकवून उभा करते. त्यात माझा चेहरा मावतो, तुमच्या आजोबांचा एक कान मावतो आणि उरलेल्या जागेत पाठीमागची भिंत. बाहेर काय चाललेलं असतं ते तुम्हाला दिसत नाही, आणि बहुतेक वेळा ते बरंच असतं. पण गेल्या हिवाळ्यात जे झालं त्यातली फक्त शेवटची दहा मिनिटं तुम्ही पाहिलीत, आणि ती पाहून मोठीच्या वर्गाने आमच्याविषयी एक मत करून घेतलं. मत चांगलं आहे, पण साफ चुकीचं आहे. म्हणून सगळं क्रमाने लिहून ठेवते. मराठीतून लिहिते आहे, म्हणजे वाचायला तुम्हाला तुमच्या बाबांची मदत लागेल आणि त्यालाही कळेल.

सुरुवात मोठीच्या एका वाक्यापासून झाली. नेहमीसारखं सगळं विचारून झालं होतं: जेवलात का, थंडी किती आहे, धाकट्याचा पडलेला दात कुठे ठेवला. मग मोठी म्हणाली, "आजी, तुझं बॅकग्राउंड थोडं सॅड आहे."

मी मागे वळून पाहिलं. तीस वर्षं मी त्या भिंतीकडे पाठ करून वह्या तपासल्या होत्या, त्यामुळे तिच्याशी माझी फारशी ओळख नव्हती. एका बाजूला ओलीने पोपडे निघालेले, मध्ये ट्यूबलाइट, तिच्याखाली किराणा दुकानाने फुकट दिलेलं कॅलेंडर आणि त्याच्या शेजारी एक रिकामा खिळा. तो कुणी आणि कशासाठी ठोकला होता हे आता कुणालाच आठवत नाही.

"सॅड म्हणजे?" मी विचारलं.

"म्हणजे पोलीस स्टेशनसारखं," धाकटा म्हणाला.

मग कारण कळलं. मोठीच्या शाळेत प्रत्येकाने आपल्या एका आजीला किंवा आजोबांना मोठ्या पडद्यावर आणायचं होतं. त्यांनी आपलं घर दाखवायचं आणि दहा मिनिटं बोलायचं. एकच आजी चालणार होती. मोठी म्हणाली, "पुण्याच्या आजीकडे ती लाइटवाली भिंत आहे ना, म्हणून मी विचार करत होते..."

पुण्याच्या आजी म्हणजे आमच्या विहीणबाई. त्यांच्या दिवाणखान्यातली भिंत एका डिझायनरने केली आहे. दगड लावलेत, दगडांच्या मागून पिवळा उजेड येतो आणि मध्ये पितळेचं एक झाड आहे. मी ती भिंत पाहिली आहे. तिच्यासमोर बसलं की आपण दागिन्यांच्या दुकानात गिऱ्हाईक म्हणून आलो आहोत आणि आता काहीतरी घ्यावं लागणार असं वाटतं.

"अवश्य," मी म्हटलं. "त्यांनाच बोलाव. त्यांचं इंग्रजीही चांगलं आहे."

हे मी ज्या सुरात म्हटलं त्याच सुरात मी आयुष्यभर वर्गात 'छान, बस खाली' म्हणत आले होते. तुम्हाला तो सूर कळला नाही. आजोबांना कळला. फोन बंद झाल्यावर त्यांनी पेपर बाजूला ठेवला आणि म्हणाले, "लागलं का?"

"काय लागायचंय त्यात?"

"काही नाही. विचारलं आपलं."

लागलं होतं. तुमचं विमान पुण्याच्या बाजूला उतरतं, म्हणून दर सुट्टीत पुण्याची आजी तुम्हाला भरपूर मिळते आणि आमच्या वाट्याला दोन-तीन दिवस येतात, त्यातला एक तुम्ही झोपून काढता. यात कुणाचा दोष नाही, सोलापूर आहे तिथेच आहे. पण इंग्रजी शिकवण्यात माझं आयुष्य गेलं, आणि एका इंग्रजी बोलणाऱ्या वर्गासमोर नातीची आजी म्हणून उभं राहायची संधी एका पितळेच्या झाडाकडे जात होती. मोठीने पुढच्या रविवारपर्यंत ठरवते असं सांगितलं होतं. मी भिंत सजवायचं ठरवलं.

पैसे टाकून काहीही होतं, ते विहीणबाईंनी करूनच दाखवलं होतं. मला ते घरच्या घरी आणि स्वस्तात करायचं होतं. मी रीतसर अभ्यासाला बसले. मोबाइलवर या विषयावर सांगणाऱ्या बायका पुष्कळ आहेत. सगळ्याजणी हसतमुख आहेत आणि सगळ्यांच्या घरात भरपूर ऊन येतं. एकीने सांगितलं, समुद्रकिनाऱ्यावर वाहून आलेली लाकडं गोळा करा. आमच्यापासून समुद्र बराच लांब आहे आणि तळ्यावर वाहून येतं ते मला घरात नको होतं. दुसरीने वाइनच्या बाटल्यांची बुचं जमवायला सांगितलं. ही सूचना मी आजोबांना वाचून दाखवली. ते म्हणाले, "बुचं जमायला आधी काय करावं लागतं ते वाचलंस का?"

तिसरी मात्र पटली. ती म्हणाली, भिंतीवर ताटल्या लावा, लहानमोठ्या, गोल, वेगवेगळ्या रंगांच्या. पण चिनीमातीच्या नक्षीदार ताटल्या महाग. घरात होत्या त्या स्टीलच्या. एक लावून पाहिली आणि मोबाइलच्या कॅमेऱ्यातून बघितलं. ट्यूबलाइट तिच्यात उतरली होती आणि खाली 'सप्रेम भेट' अशी अक्षरं चमकत होती. त्याच्याखाली देणाऱ्याचं आडनाव. ती भिंतीवर असताना जेवायला बसले, तर तो माणूस वरून आपल्या ताटात बघतो आहे असं वाटायला लागलं.

आणि जेवतानाच ते सुचलं. समोरच्या डब्यात कडक भाकरी होती.

तुम्ही ती खाल्ली आहे, पण तुमच्या पद्धतीने, म्हणजे एक तुकडा मोडून आणि बाकीचा आजोबांना देऊन. ज्वारीची भाकरी पापडाएवढी पातळ थापायची, तव्यावर भाजायची आणि मग निखाऱ्याजवळ उभी करून पार वाळवायची. तिच्यात पाण्याचा थेंब उरत नाही, म्हणून ती महिनोन् महिने टिकते. इकडे माणूस परगावी निघाला की तिची चळत कापडात बांधून देतात. मी ती चळत रोज पाहत होते, पण त्या दिवशी एक भाकरी उचलून हात लांब करून धरली. गोल, पांढुरकी, काठाला जराशी मुडपलेली, अंगावर तव्याचे तपकिरी ठिपके आणि तीळ. असल्याच ताटल्या ती बाई कुठल्याशा परदेशी दुकानातून आणा म्हणत होती.

"अहो," मी म्हटलं, "ही भिंतीवर कशी दिसेल?"

तुमच्या आजोबांचं घराणं दुधनीकडचं. एरवी ते मराठीच बोलतात, पण धक्का बसला की कानडी येतं. "एनिदु?" ते म्हणाले. म्हणजे, हे काय? मग मराठीत आले. "अन्न भिंतीला टांगायचं? माझी आई असती तर तुला टांगली असती."

"टाकून थोडंच देणार आहे? लावायची."

"भाकरी पोटात लावतात."

यावर आमची दोन दिवस चर्चा झाली. तिला भांडण म्हणता येणार नाही, कारण मी आवाज चढवत नाही आणि आजोबा ऐकत नाहीत. शेवटी तह झाला. रंग द्यायचा तो खाता येईल असाच द्यायचा, आणि शाळेचा कार्यक्रम झाला की सगळ्या भाकऱ्या उतरवून खायच्या. एकही वाया जाता कामा नये. मला अट सोपी वाटली. मोठमोठे तह नंतर असल्याच सोप्या अटींवरून मोडले असणार.

आमच्याकडे वळसंगच्या एक मावशी कडक भाकऱ्या घेऊन येतात. त्यांना मी नेहमीपेक्षा जास्त सांगितल्या, आणि वर सांगितलं की लहानमोठ्या हव्यात, तीन मापांच्या.

"मापाच्या?" मावशींनी टोपली खाली ठेवली. "लगीन हाय काय घरात?"

"नाही हो. भिंतीला लावायच्यात."

"कशाला लावायच्यात?"

"भिंतीला. शोभेला."

मावशींनी आधी भिंतीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग आतल्या खोलीत बसलेल्या आजोबांकडे, की यांना हे माहीत आहे का. "भिंत खाती व्हय?" त्यांनी विचारलं.

"मावशी, तुम्ही द्या तर खरं."

"देती की. मला काय. तुमी भिंतीला घाला, न्हायतर कपाटाला घाला." टोपली उचलून जाताना दारात त्या परत वळल्या. "संगट चटणी लागल का तिला?"

आजोबा आतून इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं.

भाकऱ्या आल्या आणि काम सुरू झालं. पहिला प्रश्न टांगायचा. मी बारीक सुई तापवून भाकरीला भोक पाडायचा प्रयत्न केला. भाकरी मधोमध दुभंगली. दुसरी तीन ठिकाणी. चौथ्या भाकरीनंतर मी थांबले. प्रत्येक अपयश आम्ही शेंगाचटणी आणि दह्याबरोबर खाल्लं, त्यामुळे आजोबांचा प्रकल्पाला असलेला विरोध थोडा मवाळ झाला. ते अधूनमधून येऊन विचारायचे, "आज काही फुटलं का?"

मग मला शिंकं आठवलं. पूर्वी मांजरापासून दूध-दही वाचवायला छताला दोऱ्यांचं शिंकं टांगत. मी पांढऱ्या सुताच्या चार दोऱ्या मागच्या बाजूला फुलीसारख्या बांधल्या, त्यांची टोकं भाकरीच्या काठावर जराशी पुढे आणली आणि वर एक फास ठेवला. भाकरी त्यात अलगद बसली. भोक नाही, डिंक नाही. शिंकं करण्यात माझ्या आईचा हातखंडा होता आणि मला ते कधी जमत नसे. या वेळी जमलं, कदाचित ती बघत नव्हती म्हणून.

भिंतीचं काम मी स्वतः केलं. पोपडे खरवडले, खड्ड्यांत पुट्टी भरली, वर दोन हात डिस्टेंपर मारलं. विटकरी रंग निवडला, म्हणजे त्यावर भाकरी उठून दिसेल. मोठी म्हणाली असती तर तो टेराकोटा झाला असता. वर्तमानपत्राच्या गोल चकत्या कापून आधी त्या भिंतीवर चिकटवून पाहिल्या आणि त्यांच्याभोवती पेन्सिल फिरवली. वर दोन मोठ्या, बाजूला मधल्या, खाली लहान. पातळीसाठी पाणी भरलेली औषधाची बाटली आडवी धरली. खिळे ठोकले. ते सगळे सरळ गेले, हे मुद्दाम लिहिते, कारण तुमच्या आजोबांनी ठोकलेला एकही खिळा आजवर सरळ गेलेला नाही.

आता रंग. पांढरा तांदळाच्या पिठीचा, पिवळा हळदीचा. तपकिरीसाठी काळं तिखट कालवलं. लालची पंचाईत होती. कुंकू खाता येत नाही. बीट लावलं की पहिल्यांदा फार सुंदर दिसतं आणि वाळलं की जुन्या डागासारखं होतं. शेवटी मी आपलं घरचं लाल तिखट घेतलं, पिठीच्या पातळ खळीत कालवलं आणि कानकोरण्यावर कापूस गुंडाळून नक्षी काढली. वेल, मोर, ठिपक्यांची फुलं, एका भाकरीवर नुसतीच गोल गोल वर्तुळं. तो लाल इतका जिवंत होता की मला माझंच कौतुक वाटलं.

रंगवलेल्या भाकऱ्या गच्चीवर कडक उन्हात वाळत घातल्या. आजोबा खुर्ची टाकून काठी घेऊन शेजारी बसले, चिमण्या हाकायला.

"तुमचा तर विरोध होता ना?"

"विरोध तुला आहे. अन्नाला नाही."

भाकऱ्या पुन्हा कडकडीत झाल्या. भिंत हाताला कोरडी लागत होती. संध्याकाळी मी त्या एकेक करून टांगल्या, चार पावलं मागे गेले आणि मान्य करायला हवं, सुंदर दिसत होतं. धूळ बसू नये म्हणून खिडक्या लावून घेतल्या आणि मोठीला फोटो पाठवला.

लगेच फोन आला. "ओ माय गॉड, आजी! हे प्लेट्स कुठून घेतले?"

"इथल्याच आहेत," मी म्हटलं.

"हँडमेड?"

"अगदी."

"मग मी तुलाच घेते. फायनल."

फोन ठेवून मी आजोबांना सांगितलं की मुलांचा उगीच हट्ट असतो, आपण कशाला मध्ये पडायचं. ते म्हणाले, "पेढे आणू का?"

वर्ग भरणार होता दुसऱ्याच दिवशी, तुमच्या सकाळी, म्हणजे आमच्या संध्याकाळी. मी भाषण तयार केलं होतं. आधी आमचं शहर, मग घर, मग भिंत, आणि शेवटी आजोबांची ओळख. आजोबांना फक्त हसायचं होतं. त्यांच्याकडून मी त्याची तालीमही करून घेतली. दुपारी जरा पडले आणि चहाला उठून बैठकीत आले, तेव्हा मोर भिंतीवर नव्हता.

मोर खाली पडला होता. फुटला नव्हता. हे मला आधी बरं वाटलं आणि मग विचित्र वाटलं, कारण कडक भाकरी पडली की तिचे तुकडे व्हायलाच हवेत. मी तो उचलला. मोर माझ्या हातात वाकला.

वर पाहिलं तर बाकीच्याही भाकऱ्या माना टाकून बसलेल्या. काही शिंक्यांतून पुढे लोंबत होत्या, कुत्र्याचे कान लोंबतात तशा. वर्तुळांची भाकरी चपातीसारखी दुमडली होती. सगळ्या सादळल्या होत्या. पुट्टी भरलेली भिंत वरून कोरडी असली तरी आतून ओली होती. आणि ज्या भाकरीत पाण्याचा थेंब नसतो, ती जिथून मिळेल तिथून थेंब ओढून घेते. पापडाचा डबा उघडा राहिला तर या घरात मी किती बोलते ते तुमच्या बाबाला विचारा. पण पापड सादळतो, बिस्किट सादळतं, कडक भाकरीला काही होत नाही, असं इथलं प्रत्येक माणूस लहानपणापासून मानत आलेलं असतं. तिला डब्यात, कापडात, प्रवासात काही होत नाही हे खरं आहे. ओल्या भिंतीवर रात्रभर कुणी तिला टांगून पाहिलं नव्हतं, एवढंच.

"अहो!"

आजोबा आले. भिंत पाहिली, मोर पाहिला आणि माझं तोंड पाहिलं. मला वाटलं आता आई निघणार, अन्न निघणार. ते म्हणाले, "तवा ठेव. परत भाजू."

हे मला सुचायला हवं होतं. सादळलेली भाकरी तव्यावर टाकली की पुन्हा कडक होते, त्यात नवीन काही नाही. आम्ही सगळ्या उतरवल्या आणि दोन्ही शेगड्यांवर दोन तवे ठेवले. वेळ थोडाच होता, म्हणून गॅस मोठा केला. पहिल्या दोन भाकऱ्या रंगाची बाजू खाली करून टाकल्या, कारण पिठीच्या रंगाने त्या बाजूला ओल जास्त धरली होती.

तापलेल्या तव्यावर कोरडं लाल तिखट पडलं की काय होतं हे मी तुम्हाला समजावून सांगू शकत नाही. इथल्या लहान मुलालाही ते माहीत असतं. मलाही होतं. फक्त त्या क्षणी मी त्याला तिखट समजत नव्हते, रंग समजत होते.

आधी आजोबांना शिंक आली. मग मला ठसका लागला. मग आम्हाला दोघांनाही काही दिसेना. खिडक्या माझ्याच हुकमावरून बंद होत्या. "साकु, साकु!" असं आजोबा कानडीत ओरडत होते, म्हणजे पुरे, आणि गॅस बंद करायला पंचा तोंडावर धरून चाचपडत होते. मी खिडकी उघडली. शेजारच्या बाई गॅलरीतून ओरडल्या, "अहो, काय जाळताय?"

"मोर!" आजोबांनी उत्तर दिलं.

घड्याळात पाहिलं तर तुमच्या वर्गाची वेळ झाली होती. भाकऱ्या टेबलावर पसरलेल्या, काही कडक, काही अर्धवट, मोर काळा पडलेला. टांगायला वेळ नव्हता. मी तोंडावर पाणी मारलं, तिखटाच्या हाताने डोळे पुसले, आणि त्याने काय झालं ते वेगळं सांगायला नको. मोबाइल साखरेच्या डब्याला टेकवला. पडद्यावर तुमचा वर्ग उगवला, पंचवीसएक मुलं आणि त्यांच्या बाई, आणि पुढे आमची मोठी.

तिने आधी माझ्या मागे पाहिलं. विटकरी भिंत, तिच्यावर सरळ ठोकलेले रिकामे खिळे आणि पेन्सिलीचे गोल. तिचा चेहरा उतरला. गेले आठवडाभर मी ज्याच्यासाठी धडपडत होते ते त्या एका क्षणात गेलं, हे मला धुरातूनही नीट दिसलं.

मी इंग्रजीत सुरुवात केली. "माझ्या प्रिय मुलांनो," एवढं म्हटलं आणि घसा बसला. डोळ्यांतून धारा लागल्या. शेजारी आजोबा ठरल्याप्रमाणे हसत होते, पण त्यांच्याही गालांवरून पाणी वाहत होतं, त्यामुळे ते हसू भलतंच दिसत होतं. मी पुन्हा 'माझ्या प्रिय' पर्यंत आले आणि पुन्हा थांबले.

बाईंनी छातीवर हात ठेवला. त्या हळू आवाजात म्हणाल्या की घाई करू नका, या वर्गात भावनांचं स्वागत असतं. मागच्या बाकावरची एक मुलगीही डोळे पुसायला लागली.

माझ्याकडे व्याकरणशुद्ध दहा मिनिटांचं भाषण होतं आणि त्यातला एक शब्दही बाहेर पडत नव्हता. शेवटी पुढच्या बाकावरच्या एका मुलाने विचारलं की भिंतीवर एवढे खिळे कशाला आहेत.

मी नुसतीच खोकले. आणि तुमच्या आजोबांनी, ज्यांनी आयुष्यात चारचौघांत इंग्रजी बोलायचं नाही असा नियम पाळला आहे, टेबलावरची एक भाकरी उचलली, तिच्यावरचा अर्धा वेल पंच्याने पुसला, ती मोबाइलच्या अगदी जवळ नेली आणि म्हणाले, "लिसन!"

त्यांनी भाकरी मोडली. कटाक् असा आवाज झाला. ती चांगली भाजली गेली होती.

वर्ग दचकला. मग सगळे एकदम हसले. "पुन्हा, पुन्हा!" आजोबांनी पुन्हा मोडली आणि या वेळी तुकडा तोंडात टाकून चावला, तोही आवाज ऐकवला. मग दाताकडे बोट दाखवून म्हणाले, "ओन टीथ!" त्यांचे दात अजून स्वतःचे आहेत हे त्यांना कधीपासून कुणाला तरी इंग्रजीत सांगायचं होतं.

तेव्हा मोठीला उमगलं. ती एकदा भाकरीकडे, एकदा खिळ्यांकडे बघत होती. वर्गाकडे वळून तिने सांगितलं की ती माझ्या आजीची भिंत आहे आणि आता माझे आजोबा ती खात आहेत. तिचा आवाज हसण्याने फुटत होता. पुढची मिनिटं आजोबांनी एकहाती चालवली. भाकरी, दही, चटणी, कुठला घास कशाबरोबर, सगळं त्यांनी मराठी, कानडी आणि चार इंग्रजी शब्दांत सांगितलं आणि वर्गाला सगळं कळलं. मी शेजारी बसून डोळे पुसत होते. शेवटी बाई म्हणाल्या की इतकी हृदयस्पर्शी आजी त्यांनी क्वचितच पाहिली आहे. माझं भाषण अजून तसंच आहे, कुणाला हवं असेल तर.

तह पाळला गेला. आम्ही भिंत संपवली. मोरसुद्धा, आमटीत बुडवून.

पुढच्या रविवारी मी मोबाइल लावायच्या आधी आजोबांना म्हटलं की भिंत आता कोरडी झाली आहे, खिळे काढून टाकते आणि कॅलेंडर परत लावते. फोन लागला. मोठीने आधी मागे पाहिलं.

"आजी, खिळे काढू नकोस हं. सगळे विचारतात, भिंत परत कधी येणार."

"आणि पोलीस स्टेशन?" मी धाकट्याला विचारलं.

"आता जेल," तो म्हणाला. "पण खायला आहे ते."

तर खिळे अजून आहेत. मावशींनी ते पाहिले आणि विचारलं, "जेवली का भिंत?" मी म्हटलं, पोटभर.

एवढ्यावर संपलं असतं, पण मागच्या आठवड्यात विहीणबाईंचा फोन आला. आधी तब्येतीची चौकशी झाली, मग हवेची. मग त्या म्हणाल्या, "ते पितळेचं झाड आता फारच सगळीकडे दिसायला लागलंय हो. मुलं सारखी तुमच्या भाकऱ्यांचं बोलतात. इकडे पाठवता का थोड्या? खायला नकोत, लावायलाच."

"हो, पाठवते की," मी म्हटलं. "तीन मापांच्या पाठवते."

"आणि रंग कुठला दिला होता तुम्ही? तो लाल इतका सुरेख होता फोटोत."

मी रंग सांगितला. भिंत ओली असू नये हेही सांगितलं, अगदी सविस्तर, शिक्षिकेने सांगावं तसं. शिवाय भाकऱ्या चुकून सादळल्याच तर काय करायचं तेही सांगितलं.

"तवा चांगला तापू द्या," मी म्हटलं, "आणि धूळ येऊ नये म्हणून खिडक्या लावून घ्या."